गॅस कीं वीज? : स्वयंपाकघरांतील अग्नीचा विचार

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या कांहीं पाठांतच एक स्वयंपाकघर भेटतें. डोंगरावर धूर दिसतो, त्याअर्थीं तेथें अग्नि असला पाहिजे, हें अनुमान समजावून देतांना अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहां’त दृष्टांत येतो तो ‘महानसा’चा, म्हणजे मुदपाकखान्याचा. जेथें धूर तेथें अग्नि हा नियम मनुष्य प्रथम शिकतो तो आईच्या चुलीपाशीं, असें त्यांतून सुचतें. पण त्याच नैयायिकांनीं पुढें बजावलें आहे कीं, याच्या उलट नियम खरा नाहीं. अग्नि आहे म्हणून धूर असेलच असें नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धुराला ओल्या सरपणाचा संयोग लागतो.

आजचें स्वयंपाकघर या दृष्टांताच्याही पुढें गेलें आहे. गॅसच्या शेगडीला ज्योत आहे, पण धूर नाहीं. विजेच्या तारेच्या शेगडीला ज्योतही नाहीं. ती शास्त्रकारांच्या लोहगोलाची बहीणच. आणि इंडक्शनच्या शेगडींत तर तापलेली तारही दिसत नाहीं. काचेवर ठेवलेलें पातेलें तेवढें आपलें आपण तापतें. अशा या तीन विस्तवांपैकीं कोणता पतकरावा, हा प्रश्न नवें बिऱ्हाड मांडणाऱ्या किंवा जुना ओटा बदलणाऱ्या प्रत्येक घरांत सध्यां निघतो. अंबरनाथच्या पश्चिमेस आमच्या बुवापाड्यांतही तो निघतो. आणि सेवानिवृत्त शिक्षक म्हणजे हिशेबाचें हक्काचें ठिकाण, अशा समजुतीनें शेजारीपाजारी तो मजपाशीं घेऊन येतात. या प्रश्नाला सर्व घरांना लागू पडेल असें एका शब्दाचें उत्तर नाहीं. परंतु उत्तर काढण्याची एक रीत आहे, आणि ती ज्याला त्याला आपल्या घरीं बसून करतां येते. तीच येथें मांडण्याचा विचार आहे.

चुलीपासून येथवर

अंबरनाथ म्हटलें कीं शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० मधील, शिवालयाची आठवण होते. पण विस्तवाच्या अर्वाचीन इतिहासांतही या गांवाला जागा आहे. १९२० नंतरच्या दशकांत स्वीडिश भांडवलावर चालणाऱ्या ‘विमको’ कंपनीचा काड्यापेट्यांचा कारखाना येथें उभा राहिला. ‘विमको नाका’ हें नांव अजून लोकांच्या तोंडीं आहे. येथून फार दूर नसलेल्या खोपोलीस १९१५ सालीं टाटांचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें, आणि ती वीज मुंबईच्या गिरण्या चालवावयास गेली. काडी घरची आणि वीज शेजारची. तरी या मुलुखांतील चुली पुढें कित्येक वर्षें लांकडांवर आणि गोवऱ्यांवरच पेटत राहिल्या. नवें साधन जवळ निर्माण होणें निराळें आणि तें आपल्या ओट्यावर येणें निराळें.

मुंबईचे रस्ते १८६५ सालीं कोळशाच्या गॅसनें उजळूं लागले होते. बाटलीबंद गॅस मात्र १९५५ सालीं बर्मा-शेल कंपनीनें मुंबईंत विकावयास काढला, आणि सामान्य गृहस्थाच्या घरीं तो पोंचण्यास आणखी वीसपंचवीस वर्षें लागलीं. मधला काळ वातीच्या आणि पंपाच्या स्टोव्हचा. रॉकेलसाठीं रेशनच्या दुकानापुढें लावलेल्या रांगा, पिन मारतांना होणारा भडका, पावसाळ्यांत ओल्या लांकडांवर फुंकणी घालून लाल झालेले डोळे, हें सर्व माझ्या पिढीनें पाहिलें आहे. त्या धुरानें किती गृहिणींचीं छाती आणि दृष्टि झिजवली याची मोजदाद कोणी ठेवली नाहीं.

आणि तरीही गॅस घरांत आला तेव्हां जाणतीं माणसें म्हणत कीं, गॅसवर शिजलेलें अन्न खाल्ल्यास पोटांत वायु धरतो! त्याच्याही आधीं नळाच्या तोटींतील चामड्याच्या चकतीमुळें सोवळें मोडतें अशी शंका होती. दोन्ही शंका काळाबरोबर विरून गेल्या. आज इंडक्शनविषयीं ‘त्यांतील किरण अन्नांत उतरतात’ असें ऐकूं येतें. तेंही त्याच जातीचें आहे. काचेखालीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतून क्षणाला हजारों वेळां दिशा पालटणारा प्रवाह वाहतो. त्यामुळें वरच्या लोखंडी बुडांत भोंवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन तें बूडच तापतें. बटण बंद केलें कीं चुंबकत्व गेलें. अन्नांत मागें कांहीं उरत नाहीं. मात्र ज्याच्या छातींत हृदयाची गति राखणारें यंत्र बसविलें आहे त्यानें अशा शेगडीपाशीं उभें राहण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरास विचारावें. ही शंका भ्रामक नव्हे.

पैशाचा हिशेब

गृहस्थाश्रमांत खर्चाचा विचार आधीं येतो, म्हणून तो आधीं करूं. गॅसची घरगुती टाकी १४.२ किलोची. एक किलो गॅसांत सुमारें पावणेतेरा युनिटें विजेइतकी उष्णता असते. म्हणजे सबंध टाकींत सुमारें १८० युनिटें. पण ती सारी भांड्याला लागत नाहीं. ज्योत भांड्याच्या कडेनें वर जाते, ओटा तापतो, स्वयंपाक करणारीही तापते. भारतीय मानकाप्रमाणें टाकीच्या गॅसच्या शेगडीनें उष्णतेचा निदान ६८ टक्के भाग भांड्यास दिला पाहिजे; परंतु ती प्रयोगशाळेंतील गोष्ट. घरांतल्या काजळलेल्या बर्नरवर, लहान पातेल्याखालीं, ६० टक्के मिळाले तरी समाधान मानावें. इंडक्शन ८५ टक्क्यांच्या आसपास उष्णता बुडास देतें. हा गुणाकार-भागाकार केला म्हणजे निष्कर्ष असा निघतो कीं, गॅसच्या एका टाकीचें काम इंडक्शनवर करावयास साधारण १२५ ते १४५ युनिटें वीज लागेल. सोयीसाठीं १३५ हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

आतां टाकीच्या किमतीला १३५ नीं भागावें. समजा टाकी ९०० रुपयांना पडते, तर उत्तर ६ रुपये ६७ पैसे येतें. तुमच्या घरीं ‘वाढीव’ युनिट याहून स्वस्त पडत असेल तर वीज परवडते. महाग पडत असेल तर गॅस परवडतो. टाकीची किंमत बदलली तर भागाकार पुन्हां करावा, रीत तीच.

येथें ‘वाढीव’ या शब्दावर बोट ठेवलें पाहिजे, कारण पुष्कळ सुशिक्षितांचा हिशेब नेमका येथेंच चुकतो. ते एकूण बिलाला एकूण युनिटांनीं भागतात आणि सरासरी दर काढतात. महावितरणच्या घरगुती बिलांत पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त, ३०१ ते ५०० चा त्याहून जास्त आणि ५०० च्या वरचा सर्वांत जास्त, अशा पायऱ्या आहेत. नवी शेगडी जीं युनिटें खाईल तीं पहिल्या पायरीवरचीं नसून तुम्ही आज ज्या पायरीवर उभे आहां तिच्या वरचीं असतील. एका कुटुंबाला टाकी ४५ दिवस पुरते असें धरूं. मग १३५ भागिलें ४५, म्हणजे रोजचीं ३ आणि महिन्याचीं ९० युनिटें झालीं. ज्या घराचा आजचा वापर महिना ८० युनिटें आहे त्याच्या या ९० पैकीं २० पहिल्या पायरीवर आणि ७० दुसरीवर पडतील. ज्याचा वापर १८० आहे त्याचीं सर्व ९० दुसरीवर. ज्याचा २५० आहे त्याचीं ५० दुसरीवर आणि ४० तिसरीवर. बिलाच्या मागील बाजूस हे दर छापलेले असतात. त्यांत वहन आकार मिळवावा आणि वर १६ टक्के वीजशुल्क धरावें. एवढें केलें म्हणजे कोणाच्या जाहिरातीकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं.

ही रीत लावून पाहिल्यास बहुधा असें आढळतें कीं, एकट्यादुकट्या वृद्धांच्या, अल्प वीज वापरणाऱ्या घरीं विजेची शेगडी परवडते. पंखे, शीतपेटी, धुण्याचें यंत्र यांनीं आधींच वरच्या पायरीवर चढलेल्या भरल्या घरीं गॅस स्वस्त ठरतो. ज्यांच्या गच्चीवर सूर्यप्रकाशाच्या विजेच्या पाट्या बसल्या आहेत त्यांची गोष्ट निराळी. एक किलोवॅटच्या पाट्या उघड्या आभाळाच्या दिवसांत रोज सुमारें ४ युनिटें देतात, म्हणजे दिवसाच्या स्वयंपाकाला पुरून उरतील इतकीं. आमच्याकडील चार महिन्यांच्या पावसांत मात्र तो भरंवसा धरूं नये.

महानगर गॅसच्या नळांचें जाळें आतां अंबरनाथ-बदलापूरकडेही पसरलें आहे. ज्या इमारतींत हा नळ आला आहे तेथें टाकीची वाट पाहणें संपतें. एका टाकीइतकी उष्णता सुमारें १७-१८ घनमीटर नळाच्या गॅसांत असते. त्यावरून बिल ताडून पाहावें. टाकीची शेगडी तशीच नळाला जोडूं नये. तिच्यांतील तोट्या जाणकाराकडून बदलून घ्याव्या लागतात.

पदार्थाची परीक्षा

खर्चानंतर चव. दूध, चहा, वरणभात, उसळ, कुकर हीं कामें इंडक्शन उत्तम करतें. दोन लिटर पाणी २००० वॅटच्या शेगडीवर सुमारें सहा मिनिटांत उकळतें आणि एक पंचमांश युनिट वीज जाते. दूध मंद आंचेवर ठेवावयाचें तर आंकडा लावून देतां येतो. ओटा गार राहतो, आणि वैशाखांतल्या दुपारीं त्याचें मोल ओट्यापाशीं उभें राहणारीसच कळतें.

पण भाकरी तव्यावरून उतरून विस्तवावर टाकल्याशिवाय टम्म फुगत नाहीं. वांगें ज्योतीवर भाजल्याशिवाय भरताला तो खरपूस वास येत नाहीं. पापड आणि फुलका यांचीही तीच कथा. पुरणपोळी विजेवर होते, परंतु तवा जाड लोखंडी आणि सपाट बुडाचा हवा, नाहीं तर मध्यें कडेंकडें डाग पडतात आणि कांठ कच्चे राहतात. शिवाय इंडक्शनला भांड्यांची निवड आहे. लोहचुंबक बुडाला चिकटला तर भांडें चालेल, नाहीं तर नाहीं. आजीचीं पितळेचीं कल्हईचीं पातेलीं, तांब्याचा हंडा, ॲल्युमिनियमचा जुना कुकर, मातीची गाडगीं, यांपैकीं कांहींही त्या काचेवर तापणार नाहीं. नवीं भांडीं घेण्याचा खर्च शेगडीच्या किमतींत आधींच मिळवावा. तारेची शेगडी भांड्याची जात पाहत नाहीं, पण ती तापावयास वेळ घेते, बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते आणि वीज अधिक खाते.

कांहीं घरांत आणखी एक प्रश्न हळूच विचारला जातो : नैवेद्याचा स्वयंपाक ज्योतीवांचून झालेला चालेल काय? ऋग्वेदांतील पहिलें सूक्त अग्नीचें आहे आणि वेदांत त्यास गृहपति म्हटलें आहे, हें खरें. परंतु ज्या गृह्याग्नीवर पाक करावयाचा तो बहुतेक घरांतून कधींच निवाला. काडीनें पेटविलेली गॅसची ज्योत आणि विजेनें तापलेलें बूड यांत मग शास्त्रदृष्ट्या उंचनीच उरत नाहीं. शुचिता हाताची, पात्राची आणि मनाची पाहावयाची. होमाला मात्र समिधाच लागतील. तेथें कोणी बटण दाबूं म्हणणार नाहीं.

धोका दोहोंतही आहे

टाकींतील गॅस हवेपेक्षां जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. नळाचा गॅस हलका असतो. तो छताकडे जातो. म्हणून टाकी असलेल्या घरीं खालून हवा जावयास वाट असावी आणि नळ असलेल्या घरीं वरची खिडकी उघडी असावी. दोहोंसही स्वतःचा वास नाहीं. आपणांस सावध करण्यासाठींच त्यांत उग्र दर्प मिसळलेला असतो. तो दर्प आला तर विजेचें कोणतेंही बटण लावूं नये, लावलेलें बंदही करूं नये. टाकीची झडप बंद करावी, दारें-खिडक्या उघडाव्या, बाहेर यावें आणि १९०६ या क्रमांकावर कळवावें. रबरी नळीवर मुदत छापलेली असते. पांच वर्षांपुढें ती ठेवूं नये. ज्योत जळतांना हवेंत कांहीं अपायकारक वायु मिसळतात, म्हणून धूर नाहीं म्हणून खिडकी लावून घेणें हें शहाणपण नव्हे.

विजेचा धोका अदृश्य आहे. २००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ ॲम्पिअर प्रवाह ओढते. ६ ॲम्पिअरच्या साध्या प्लगवर किंवा लोंबत्या जोडवायरीवर ती लावणें म्हणजे भिंतींत निखारा ठेवणें होय. तिला १६ ॲम्पिअरचा स्वतंत्र प्लग, जाड तार, खात्रीचें अर्थिंग आणि गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारी कळ हवी. जुन्या चाळींतून आणि बैठ्या घरांतून, जेथें तारा तीसचाळीस वर्षांच्या आहेत, तेथें आधीं वायरमन आणावा, मग शेगडी. बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. तोही पाहून घ्यावा.

आणि दोन्ही साधनांचा पुरवठा परस्वाधीन आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयांत उल्हास नदीच्या कांठच्या कित्येक वस्त्या अंधारांत होत्या. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं वीजवाहिन्यांच्या बिघाडामुळें मुंबई-ठाण्याचा मोठा भाग तासन्‌तास विजेवांचून राहिला. अशा दिवशीं काचेची शेगडी म्हणजे पोळपाटाइतकीच गार. उलट, आपल्या देशांत जळणाऱ्या बाटलीबंद गॅसपैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून, मुख्यतः आखाती मुलुखांतून येतो. तिकडे गडबड झाली कीं इकडे टाकी लांबते. वीज ‘स्वच्छ’ असें जें म्हणतात तेंही स्वयंपाकघरापुरतेंच खरें आहे. महाराष्ट्रांतील बरीचशी वीज अजून चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणीं कोळसा जाळूनच होते. आपल्या ओट्यावरचा धूर आपण दुसऱ्याच्या गांवीं पाठविला, एवढेंच.

निवड कोणी करावयाची?

येथवरचें सारें गणित झालें. पण आमच्या आळींतील एका घरानें मला गणितापलीकडची गोष्ट शिकविली. मुलगा आणि सून सकाळच्या लोकलनें कामावर जातात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आई दुपारीं एकट्याच असतात. एके दिवशीं दूध उतूं जाऊन ज्योत विझली आणि गॅस तसाच वाहत राहिला. शेजारणीला दर्प आला म्हणून निभावलें. संध्याकाळीं मुलानें निर्णय सांगितला : गॅस काढून टाकावयाचा, सर्व कांहीं विजेवर. आई गप्प राहिल्या. दोन दिवसांनीं त्या सुनेला म्हणाल्या, “अगं, मला त्या काचेवरचीं अक्षरें दिसत नाहींत. तुम्ही येईपर्यंत मीं चहासुद्धां करावयाचा नाहीं, असंच ना?”

त्या बाईंनीं साठ वर्षें त्या घराला जेवूं घातलें होतें. विस्तव सुरक्षित करण्याच्या भरांत आपण त्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरांत पाहुणें करूं लागलों आहों, हें सुनेच्या ध्यानांत आलें. मग तिनें तोड काढली. सकाळचा मोठा स्वयंपाक, भाकरी आणि फोडणी गॅसवर. घराबाहेर पडतांना टाकीची झडप बंद. दुपारच्या दूध-चहासाठीं एक लहान इंडक्शनची शेगडी, आणि तिच्या दोनच बटणांवर लाल रंगाचे ठळक ठिपके : एक चालू करण्याचा, एक बंद करण्याचा. भांडें उचललें कीं ती आपोआप थांबते. ठराविक वेळानेंही थांबते. आठवडाभर सुनेनें जवळ उभें राहून तें आईंकडूनच करवून घेतलें. आतां दुपारीं शेजारणींना चहा त्यांच्याच घरीं मिळतो.

या उदाहरणांतून मला वाटतें तें असें. गॅस कीं वीज, हा प्रश्न बहुतेक घरांत बिल भरणारा पुरुष सोडवितो आणि ओट्यापाशीं उभी राहणारी स्त्री त्या उत्तराबरोबर दिवस काढते. हा क्रम उलटा केला पाहिजे. हिशेब पुरुषानें करावा, तारा तपासून घ्याव्या, नळीची मुदत लक्षांत ठेवावी. पण कोणत्या विस्तवावर काय शिजवावयाचें हें तिनें सांगावें. आणि स्वयंपाक घरांतील पुरुषही करीत असतील, तर फारच उत्तम. मग त्यांनाही बोलण्याचा अधिकार आपोआप येतो.

ज्याला एका वाक्यांत सल्ला हवा असेल त्याच्यासाठीं एवढेंच : भरल्या घरानें गॅस मुख्य ठेवून वीज जोडीला घ्यावी, एकट्यादुकट्या, वृद्ध आणि कमी वीज वापरणाऱ्या घरानें वीज मुख्य करून गॅसची एक टाकी अडीअडचणीला ठेवावी, आणि दोघांनींही वर्षांतून एकदां टाकीची किंमत व विजेचे दर पुढ्यांत घेऊन तो १३५ चा भागाकार पुन्हां करून पाहावा.